इव्हॅप कोड आल्यावर पार्ट बदलण्याआधी: टाकीचा दाब आणि वाफेची गळती तपासण्याचा क्रम

चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरने पी०४५५ (इव्हॅपमध्ये, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर न सोडता इंजिनात जाळणाऱ्या यंत्रणेत, मोठी गळती) दाखवला, टाकीचं झाकण बदललं, कोड पुसला. काही दिवसांनी दिवा परत. मग पर्ज व्हॉल्व्ह बदलला जातो, त्यानंतर कॅनिस्टर, आणि खरी गळती मात्र टाकीतल्या पेट्रोल पंपाच्या ओ-रिंगपाशी (गोल रबरी सीलपाशी) तशीच राहते. ही कोणा एकाची चूक नाही. कोड म्हणजे खराब पार्टचं नाव, असं समजून काम सुरू केलं की बहुतेकांचं हेच होतं. गाडीच्या कॉम्प्युटरने टाकी बंद करून दाब पाहिला आणि तो अपेक्षेसारखा राहिला नाही, कोड फक्त एवढंच सांगतो. दाब का राहिला नाही हे शोधायचं तर आधी मोजणारा सेन्सर खरा ठरवायचा, मग दोन्ही व्हॉल्व्ह तपासायचे आणि गळती सर्वांत शेवटी शोधायची. हा क्रम उलटा झाला की गळती दिसावी म्हणून धूर सोडणाऱ्या मशीनसमोर तास जातो आणि हाती काही लागत नाही.

खालचं सगळं पेट्रोल गाड्यांसाठी आहे. डिझेल गाड्यांत इव्हॅप यंत्रणा नसते.

## आधी एवढं डोक्यात पक्कं हवं

टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, जाऊन साठते. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) खेचीने, म्हणजे व्हॅक्यूमने, ती वाफ इंजिनात ओढली जाते. तिच्या जागी व्हेंट व्हॉल्व्हमधून बाहेरची हवा कॅनिस्टरमध्ये येते. टाकीवरचा दाबाचा सेन्सर या सगळ्यावर नजर ठेवतो.

बहुतेक गाड्यांत वीज नसताना पर्ज व्हॉल्व्ह बंद आणि व्हेंट व्हॉल्व्ह उघडा असतो. पुढची प्रत्येक तपासणी या एका ओळीवर उभी आहे.

काही गाड्यांत वेगळ्या व्हेंट व्हॉल्व्हऐवजी गळती तपासणारा पंप असलेलं मोड्यूल असतं. तिथे व्हेंटचं काम त्या मोड्यूलकडेच असतं, त्यामुळे स्कॅनरमधल्या आज्ञांची नावं वेगळी दिसतील. टर्बो इंजिनात बूस्टच्या वेळी, म्हणजे टर्बो हवा दाबून भरत असताना, मॅनिफोल्डमध्ये खेच नसते, म्हणून पर्जला दुसरा मार्ग आणि त्यात एकदिशा व्हॉल्व्ह असतात. असा एक व्हॉल्व्ह चिकटला तरी पी०४४१ येऊ शकतो आणि पर्ज व्हॉल्व्ह निष्कारण बदली होतो.

## तयारी

लागणारी साधनं: लाइव्ह डेटा (सेन्सरचे चालू आकडे) दाखवणारा आणि शक्यतो व्हॉल्व्हना आज्ञा देणारा स्कॅनर, मल्टिमीटर, मीटर असलेला हाती व्हॅक्यूम पंप, कमी दाबाचं धुराचं मशीन, तीव्र झोताची टॉर्च आणि होज बंद करायला रबरी बूच.

टाकी साधारण अर्धी भरलेली असू द्या. गळती तेवढीच असली तरी भरलेल्या टाकीत वाफेची जागा कमी असल्यामुळे दाब पटकन पडतो, आणि रिकाम्या टाकीत तो इतका हळू पडतो की बारीक गळती निसटते. गाडी थंड हवी, रात्रभर उभी असेल तर उत्तम. कोमट पेट्रोल सतत वाफ सोडत राहतं. ती वाफ दाब वाढवते आणि चाचणीचा निकाल फसवा ठरतो.

> सावधान: मोकळ्या हवेशीर जागी काम करा. ठिणगी, हीटर, सिगारेट, साधा पेटता बल्ब जवळ नको. आग विझवण्याचं सिलिंडर हाताशी ठेवा. प्लग-इन हायब्रिड गाड्यांची टाकी सीलबंद आणि दाबाखाली असते. आधी गाडीतलं बटण दाबून दाब उतरू द्या, मगच झाकण उघडा.

## १. कोड लिहून घ्या, पुसू नका

कोड पुसला की फ्रीझ फ्रेम (कोड आला त्या क्षणाची साठवलेली नोंद) जाते आणि मॉनिटरही, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्यांच्या नोंदीही, कोरे होतात. कोड कधी आला, तेव्हा टाकीत किती पेट्रोल होतं, इंजिन किती गरम होतं, ही माहिती पुन्हा मिळत नाही. पेंडिंग कोडही, म्हणजे चाचणी एकदा फसली पण दिवा अजून लागला नाही असे कोडही, नोंदवा.

नेहमीचे कोड असे वाचावेत:

- पी०४५५, पी०४५७: मोठी गळती. पी०४५७ मध्ये झाकणाचा संशय जास्त. पर्ज न उघडणं आणि व्हेंट न मिटणं यामुळेही पी०४५५ येतो, कारण दोन्ही वेळा टाकीत खेच तयारच होत नाही.
- पी०४४२: बारीक गळती, साधारण १ मिमी छिद्राएवढी. पी०४५६: अतिबारीक, साधारण ०.५ मिमी.
- पी०४४१: पर्जचा प्रवाह अपेक्षेप्रमाणे नाही. पी०४९६: पर्ज बंद असायला हवा तेव्हाही प्रवाह चालू.
- पी०४४६: व्हेंटचं नियंत्रण. यात अडकलेला व्हॉल्व्ह, चोंदलेली नळी आणि वायरिंग तिन्ही येतात.
- पी०४४३, पी०४४९: अनुक्रमे पर्ज आणि व्हेंटचं सर्किट. इथे धूर सोडण्यात अर्थ नाही, मल्टिमीटर उचला.
- पी०४५० ते पी०४५४: दाबाचा सेन्सर किंवा त्याचं सर्किट.

सेन्सरचा किंवा सर्किटचा कोड गळतीच्या कोडसोबत आला असेल तर आधी सेन्सर-सर्किट सोडवायचं. बऱ्याचदा गळतीचा कोड त्याच्याच पोटातून आलेला असतो.

## २. गाडी काय सांगते ते ऐका

चालवणाऱ्याला दोन प्रश्न विचारा. पेट्रोल भरल्यावर गाडी लगेच स्टार्ट होते का? आणि भरताना नोझल पुन्हा पुन्हा आपोआप बंद पडतं का?

भरल्यानंतर स्टार्टला त्रास होत असेल तर पर्ज व्हॉल्व्ह गळतो असं आधी समजा. भरताना टाकीतली वाफ कॅनिस्टरकडे ढकलली जाते आणि न मिटलेल्या पर्जमधून थेट इनटेकमध्ये शिरते. त्यामुळे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोलचं प्रमाण जास्तच होतं. नोझल सारखं बंद पडत असेल तर टाकीतली हवा बाहेर पडायला वाट नाही. अशा वेळी व्हेंटचा मार्ग, कॅनिस्टर किंवा टाकीवरचा व्हॉल्व्ह चोंदलेला असतो. झाकण उघडताच हवा जोरात आत ओढली गेल्याचा आवाज येत असेल, तरी बोट व्हेंटकडेच जातं. मात्र उन्हात तापलेल्या टाकीतून थोडा फुसकारा बाहेर येणं साहजिक आहे. हवा आत जाते की बाहेर येते, हे विचारल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

मग डोळ्यांनी पाहणी. झाकणाच्या रबराला चीर आहे का, फिलर नळीच्या तोंडाची कड गंजून खडबडीत झाली आहे का. ही कड खराब असेल तर नवं कोरं झाकणही बसणार नाही. फिलर नळी जिथे पट्टीने बॉडीला धरलेली असते तिथे चिखल साचून गंज आतपर्यंत जातो, त्यामुळे पट्टीमागे टॉर्च माराच. उंदरांनी कुरतडलेल्या होज, कॅनिस्टरला लागलेला दगडाचा मार, निसटलेले क्विक कनेक्टर बघा. पेट्रोल पंप नुकताच बदलला असेल तर पंप टाकीवर आवळून धरणाऱ्या लॉक रिंगपासूनच सुरुवात करा.

## ३. सेन्सर खरं बोलतो का

ही पायरी सगळ्यांत जास्त वगळली जाते.

झाकण काढा, इंजिन बंद, इग्निशन चालू. टाकी आता बाहेरच्या हवेला उघडी आहे, म्हणजे लाइव्ह डेटामध्ये टाकीचा दाब शून्याला चिकटून दिसायला हवा. काही गाड्या वातावरणासकट एकूण दाब दाखवतात. तिथे समुद्रसपाटीला आकडा १०१ किलोपास्कलच्या आसपास येईल, शून्य येणार नाही. तो पाहून सेन्सर फेकू नका. व्होल्टेजही गाडीनुसार बदलतं. काहींत शून्य दाबाला १.५ व्होल्टच्या आसपास, काहींत २.५ च्या आसपास. उत्पादकाचा तक्ता पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

आकडा शून्यापासून दूर असेल तर कनेक्टर काढून तीन गोष्टी पाहा: ५ व्होल्टचा पुरवठा येतो का, ग्राउंड खरंच ग्राउंड आहे का, आणि कनेक्टर काढल्यावर स्कॅनरवरचा आकडा एका टोकाला जातो का. आकडा जागचा हललाच नाही तर दोष वायरमध्ये किंवा कॉम्प्युटरच्या बाजूला.

नुसता शून्य दाखवणंही पुरेसं नाही, आकडा हलायलाही हवा. तो हलतो की नाही हे सहाव्या पायरीत कळेल.

> सावधान: सेन्सर सुटा काढून त्यावर हाती पंपाची पूर्ण खेच देऊ नका. त्याची मोजण्याची मर्यादा जेमतेम काही किलोपास्कलची असते. पंपाचे एकदोन जोराचे स्ट्रोक त्याला कायमचं बिघडवू शकतात.

इंच पाण्याच्या हिशोबात आकडे असतील तर १ इंच म्हणजे साधारण ०.२५ किलोपास्कल.

## ४. पर्ज व्हॉल्व्ह मिटतो का

इंजिन थंड असताना आयडलवर चालू करा. पर्ज व्हॉल्व्हला कॅनिस्टरकडून येणारी होज काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट ठेवा. सुरुवातीच्या थंड आयडलवर बहुतेक गाड्या पर्ज करत नाहीत, म्हणून खेच जाणवता कामा नये.

खेच जाणवली तर लगेच व्हॉल्व्हचा इलेक्ट्रिक कनेक्टर काढा.

- खेच थांबली: व्हॉल्व्ह ठीक आहे, त्याला वीज मिळते आहे. स्कॅनरवर पर्जची आज्ञा शून्य टक्के आहे का ते पाहा. शून्य असूनही वीज जात असेल तर वायर कुठेतरी ग्राउंडला टेकली आहे.
- खेच तशीच राहिली: व्हॉल्व्ह आतून गळतो.

बोटाला बारीक गळती कळत नाही. म्हणून इंजिन बंद करून व्हॉल्व्हच्या इंजिनकडच्या तोंडाला हाती पंप लावा, साधारण ५० किलोपास्कल खेच द्या आणि काटा बघत राहा. काटा सरकू लागला तर उत्पादकाने खेचीत किती घट चालवून घेतली आहे ते तपासा. मग स्कॅनरने व्हॉल्व्ह उघडा, खेच झटक्यात सुटली पाहिजे. अनेकदा उघडबंद करून पुन्हा धरून पाहा, आणि जमल्यास इंजिन गरम झाल्यावरही. थंडीत मिटणारा व्हॉल्व्ह गरम झाल्यावर गळणं हे सर्रास घडतं.

टक् असा आवाज आला म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, हा गैरसमज फार पसरला आहे. आवाज फक्त आतला भाग हलल्याचा असतो, तो नीट मिटल्याचा नाही.

तपासून पाहा: काढलेला व्हॉल्व्ह पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. काळे कण पडले तर कॅनिस्टर आतून फुटलं आहे आणि कोळसा वाहत येतो आहे. नवा व्हॉल्व्हही त्याच कणांनी अडकेल. कॅनिस्टर बदला आणि मधली नळी दोन्ही बाजूंनी सोडवून साफ करा.

## ५. व्हेंट उघडतो का, मिटतो का

व्हेंटच्या बाहेरच्या होजमधून तोंडाने नव्हे, हाती पंपाने किंवा अगदी हलक्या हवेने फुंकून बघा. वीज नसताना हवा सहज जायला हवी. स्कॅनरने बंद करा, हवा थांबायला हवी. व्हॉल्व्ह गाडीच्या पोटाखाली असल्यामुळे चिखल, धूळ आणि गंजलेल्या पिना हे नेहमीचे गुन्हेगार. कोळ्याची जाळी हा विनोद समजू नका. २०११ मध्ये मझ्दाने अमेरिकेतल्या मझ्दा ६ गाड्या परत बोलावल्या, त्यामागे व्हेंट नळीत कोळ्याने विणलेली जाळी हेच कारण होतं. वाट बंद झाली की पर्जच्या खेचीने टाकीत उणा दाब वाढत जातो आणि टाकीला तडा जाऊ शकतो.

व्हेंटला सतत वीज देऊन ठेवू नका, कॉइल तापतं.

## ६. दोन्ही व्हॉल्व्ह वापरून दाबाची चाचणी

इथे बरीचशी कोंडी सुटते. झाकण बसवा, इंजिन आयडलवर, स्कॅनरवर टाकीचा दाब समोर ठेवा आणि हाच क्रम पाळा.

क. व्हेंट उघडा, पर्ज शून्य. आकडा शून्याजवळ स्थिर हवा.

ख. व्हेंट बंद, पर्ज शून्य. एकदोन मिनिटं थांबा. दाब खाली जाऊ लागला तर पर्ज गळतो आहे, चौथ्या पायरीत तो निसटला असला तरी. दाब हळूहळू वर गेला तर पेट्रोल गरम आहे, गाडी थंड होऊ द्या.

ग. व्हेंट बंद ठेवून पर्ज थोडा उघडा, २० ते ३० टक्के. दाब साधारण उणे २ किलोपास्कलपर्यंत उतरला की लगेच पर्ज शून्य करा.

घ. दोन्ही बंद. साधारण एक मिनिट आकडा पाहत राहा.

च. व्हेंट उघडा. आकडा काही सेकंदांत शून्यावर यायला हवा.

निकाल असा लावायचा. *ग* मध्ये खेच तयारच झाली नाही, तर एक तर मोठी गळती आहे, किंवा पर्ज उघडत नाही, किंवा व्हेंट मिटत नाही. चौथी आणि पाचवी पायरी नीट केली असेल तर शेवटच्या दोन शक्यता आधीच गळालेल्या असतात. आकडा जराही हलला नाही पण झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचं ऐकू आलं, तर सेन्सर अडकला आहे. *घ* मध्ये खेच झपाट्याने गेली तर गळती आहे, धुराकडे चला. *च* ला वेळ लागला तर व्हेंटचा मार्ग अर्धवट चोंदलेला आहे. व्हेंट उघडा असतानाही पर्ज केल्यावर उणा दाब वाढत असेल तरी तेच.

> सावधान: उणे २.५ किलोपास्कलच्या खाली टाकी जाऊ देऊ नका. स्कॅनर आज्ञा देणारा नसेल आणि व्हेंटची होज बुचाने बंद करून चाचणी घेत असाल, तर एका हाताने बूच धरून ठेवा आणि आकड्यावरून नजर हटवू नका. रेस देऊ नका.

## ७. आता धूर

दाब ३ किलोपास्कलच्या आसपास, म्हणजे अर्धा पीएसआयपेक्षा कमी ठेवा. कॉम्प्रेसरची हवा थेट कधीही लावायची नाही. तिचा दाब कित्येक पटींनी जास्त असतो, शिवाय टाकीत ऑक्सिजन ढकलला की पेट्रोलच्या वाफेशी मिसळून तो स्फोटक बनू शकतो. नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइडवर चालणारं मशीन वापरा. घरी जुगाड करून बनवलेली, तापत्या तारेची मशीनं इनटेकची गळती शोधायला चालतील, टाकीला नाहीत.

धूर पर्ज व्हॉल्व्हच्या कॅनिस्टरकडच्या होजमधून किंवा सर्व्हिस पोर्ट असेल तर तिथून सोडा. पोर्टच्या आतली वाल्वची पिन बऱ्याच गाड्यांत उलट्या आट्यांची असते, जोर लावण्याआधी दिशा पाहा. फिलर नळीतून अडॅप्टर लावून धूर सोडला तर झाकणाची तपासणी राहून जाते, ते वेगळं तपासावं लागेल.

पहिली खेप व्हेंट उघडा ठेवून. व्हेंटमधून धूर बाहेर आला पाहिजे. आला, म्हणजे वाट मोकळी आहे आणि आतली हवा निघून गेली. मग व्हेंट बंद करा आणि किमान पाच मिनिटं थांबा. पेट्रोल कमी असेल तर जास्त. इथे घाई करणाऱ्यांना टाकीच्या वरची गळती दिसतच नाही, कारण धूर तिथपर्यंत पोचलेलाच नसतो.

पंखे बंद ठेवा. टॉर्च तिरकी धरा, समोरून नको. हा शोध झाकणाच्या कडेपासून सुरू करा. मग फिलर नळी, तिचे रबरी जोड, टाकीवरची लॉक रिंग, टाकीवरच्या व्हॉल्व्हची रबरं, कॅनिस्टरचे जोड आणि व्हेंट व्हॉल्व्हची ओ-रिंग. टाकीचा वरचा भाग दिसत नसेल तर मागच्या सीटखालचं झाकण उघडा.

०.५ मिमीच्या गळतीचा धूर डोळ्यांना दिसेलच असं नाही. अशा वेळी मशीनचं फ्लोमीटर, म्हणजे आत किती प्रवाह जातो ते दाखवणारं मीटर, जास्त कामाचं. मशीनसोबत मिळणाऱ्या ठरावीक छिद्राच्या तुकड्याने आधी मीटर पडताळून घ्या. मग टाकी आणि कॅनिस्टर यांच्यामधली होज सोडवून दोन्ही बाजू बुचाने बंद करा आणि एकेक भाग वेगळा तपासा. मीटर ज्या भागात खाली येत नाही, त्या भागातच शोध घ्यायचा.

धूर काहीच दाखवत नसेल पण *घ* मध्ये खेच जात असेल, तर लक्षात घ्या: धूर आतून बाहेर दाबतो, चाचणी मात्र आत ओढते. काही रबरं आतल्या दाबाने घट्ट बसतात आणि खेचीने सुटतात. झाकणाचं रबर आणि पर्ज व्हॉल्व्ह हे दोन पहिले संशयित.

## ८. दुरुस्ती आणि खात्री

टाकीवरची ओ-रिंग पुन्हा वापरू नका. गंजलेली खाच घासून साफ करा. सिलिकॉन सीलंट लावून वेळ मारून नेऊ नका, पेट्रोलमध्ये ते टिकत नाही. होज पेट्रोलच्या वाफेसाठी बनवलेलीच हवी, रेडिएटरची नाही. कॅनिस्टर हातात जड लागला आणि तिरका केल्यावर पेट्रोल ठिबकलं तर तो बदला. नोझल आपोआप बंद झाल्यावरही टाकी काठोकाठ भरण्याची सवय असेल तर ती थांबली पाहिजे, नाहीतर नवाही असाच भिजेल.

दुरुस्तीनंतर सहावी पायरी पुन्हा करा, आणि मगच कोड पुसा.

दिवा विझला म्हणजे काम झालं असं नाही. बहुतेक गाड्यांत गाडी चालवण्याच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत चाचणी फसल्याशिवाय दिवा लागत नाही, आणि चाचणी सुरू व्हायलाच अटी असतात: टाकी साधारण १५ ते ८५ टक्के, इंजिन काही तास थंड झालेलं, बाहेर फार थंडी वा कडक ऊन नाही. काही गाड्या तर इंजिन बंद झाल्यावर टाकी थंड होताना आपोआप तयार होणाऱ्या खेचीवर चाचणी घेतात. तेव्हा मध्येच इंजिन सुरू केलं की ती चाचणी रद्द होते. म्हणून गाडी रात्रभर थंड ठेवा, सकाळी सुरू करून थोडा आयडल, मग एकसारख्या वेगात फेरी, आणि परत आल्यावर पेट्रोल न भरता ती काही तास उभी राहू द्या.

मग स्कॅनरवर इव्हॅप मॉनिटर पूर्ण झालेला दिसतो का, पेंडिंग कोड आहे का, हे पाहा. मोड ०६ (स्कॅनरमधला कॉम्प्युटरच्या चाचण्यांचे मोजलेले आकडे दाखवणारा भाग) वाचता येत असेल तर मोजलेली किंमत मर्यादेच्या किती जवळ आहे तेही दिसेल. ती कडेला टेकलेली असेल तर अजून एखादी बारीक गळती आहे. मॉनिटर चालतच नसेल तर पेट्रोलची पातळी दाखवणारा सेन्सर, इंजिनचं आणि इनटेक हवेचं तापमान लाइव्ह डेटामध्ये तपासा. टाकी अर्धी असताना कॉम्प्युटरला ती रिकामी दिसत असेल, तर तो चाचणीच सुरू करणार नाही.